कोरा अंगठा

१

नौबादच्या दवाखान्यात डॉ. रविकुमारांनी चार कागद टेबलावर ओळीनं मांडले आणि ते काही बोलायच्या आतच अंजूला कळलं.

चाळीस. अठरा. एकतीस. बावन्न.

आतड्यातली गाठ रक्तात जो पदार्थ सोडते, त्याचं हे माप. ऑपरेशननंतर यकृतावर उरलेल्या डागांसाठी अंजूच्या आईला, कमलबाईंना, गोळ्या सुरू झाल्या आणि ते चाळीसवरून अठरावर उतरलं होतं. गेल्या तीन महिन्यांत ते पुन्हा चढलं आणि होतं त्याच्याही वर गेलं.

“पेशी औषधाला सरावल्या,” डॉक्टर म्हणाले. “गोळ्यांचा आता उपयोग नाही.”

अंजूचे वडील श्रीपतराव टोपी मांडीवर घेऊन बसले होते. तुरीत चाळीस वर्षं घालवलेला माणूस. त्यांनी विचारलं, “म्हंजे घाटेअळीवानी का सायेब? पैल्या साली फवाऱ्यानं मरती. पुढं पुढं औषध पिऊन बी टुण्ण ऱ्हाती.”

“अगदी तसंच.”

“मग दुसरं औषध मारताव आमी.”

“दुसरं आहे. सलाईनमधून द्यायचं. पण बाईंचं वजन अडतीस किलो. त्यानं जे जुलाब होतात ते त्यांना झेपतील असा मला धीर होत नाही.” डॉक्टरांनी कागद गोळा केले. “पुढच्या मंगळवारपर्यंत चालू गोळ्या घेऊ द्या. मंगळवारी बंद करू. मग दुखणं कमी कसं राहील एवढंच बघायचं.”

श्रीपतरावांनी मान हलवली. त्यांना नीट कळलं नव्हतं. अंजूला कळलं होतं. कडगंचीच्या विद्यापीठातून जीवरसायनात एम.एस्सी. करून तिनं हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत सहा महिने हेच काम केलं होतं. काचेच्या बशीत आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या आणि त्यांना औषधाला सरावायला लावायचं. मरणार नाहीत इतकंच औषध द्यायचं, रोज, थोडं थोडं. सहा महिन्यांत पेशी अशा निगरगट्ट होत की पुऱ्या मात्रेलाही भीक घालत नसत.

दवाखान्यात आईला बाहेर बाकावर बसवलं होतं. परतताना कमलनगरच्या बसमध्ये तिनं अंजूचा दंड धरला. “काय म्हणला गं डॉक्टर?”

“वजन वाढवा म्हणला.”

“वाढंल की. हे बघ, हात तर बरे झाले माझे. परवा भाकर थापली मी. गेल्या म्हैन्यात रेशनच्या मशीनला बी एका झटक्यात अंगठा लागला.” कमलबाईंनी दोन्ही तळवे लेकीपुढं धरले.

अंजूनं ते हातात घेतले. गोळ्यांच्या पहिल्या दोन फेऱ्यांत हेच तळवे मिरचीसारखे लाल झाले होते. कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी निघायची. बोटांवरच्या रेषा पुसल्या गेल्या होत्या. रेशनच्या यंत्रानं कमलबाईंना तीन वेळा नाकारलं होतं. ‘हे औषध हातापायांवर असं उमटतंच,’ डॉक्टर तेव्हा म्हणाले होते.

आता तळवे मऊ होते. अंगठ्यावरचं वळण बारीक भोवऱ्यासारखं स्पष्ट दिसत होतं.

गाठ औषधाला सरावली, हे मान्य. पण आईच्या हाताची कातडी कशी सरावली? तिला कोणी शिकवलं?

बस खड्ड्यातून उसळली. अंजूनं आईचे हात सोडले नाहीत. औषध हरलं नसेल, तिला वाटलं. औषध पोचतच नसेल.

२

घरात गोळ्यांचा कारभार जगदेवीवहिनीकडं होता. अंजूचा भाऊ हरिओम हैदराबादला नोकरीला, म्हणून सासूचं सगळं तीच करायची. अंजूनं विचारताच तिनं फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून पुढ्यात आपटला.

“हे घे. सगळी रिकामी पाकिटं ठिवलीत मी. मोज.”

अंजूनं खरंच मोजली. चौदा दिवस गोळ्या, सात दिवस विश्रांती, अशी एक फेरी. सकाळी तीन, संध्याकाळी तीन. एका फेरीला चौऱ्याऐंशी. सगळ्या फेऱ्या बरोबर होत्या. एक गोळी कमी नाही, एक जास्त नाही.

“वैनी, गोळ्या तूच देतीस?”

“सकाळच्या माझ्या म्होरं गिळायला लावते. संध्याकाळी वाटीत काढून ताटाजवळ ठिवते. त्यांची बोटं सोललती तवापासून पाकीट दाबता येत न्हाई त्यांना.”

“संध्याकाळी गिळताना बघतीस?”

“तव्यावर भाकर टाकून उठू कशी? रिकामी वाटी बघते की!” जगदेवीचा आवाज चढला. “मी काय सासूच्या गोळ्या खाते का गं? सहा म्हैने झाले, म्हायेरचं तोंड बघितलं न्हाई. मला इचारायच्या आधी तुझ्या अप्पाला इचार, चोरून काय चारतेत ते.”

अंजू वळली, तेवढ्यात दारातून हाक आली. “कमलअक्का, हायस का?”

कोंडाबाई. गावच्या शाळेत दुपारच्या जेवणाचं सैपाकघर सांभाळणारी. ऑपरेशनपर्यंत कमलबाई तिच्याच जोडीला होती. बारा वर्षं दोघींनी एकाच चुलीवर सांबार ढवळलं. कोंडाबाईच्या हातात दोन कप्प्यांचा स्टीलचा डबा होता. खालच्या कप्प्यात तिनं शेंगाची चटणी आणली होती. ती काढून घेऊन कमलबाई स्वतः उठून आत गेल्या आणि त्यात ताक भरून आणलं.

“मी भरते की आत्याबाई,” जगदेवी म्हणाली.

“ऱ्हाऊ दे. माझं भांडं, माझं मानूस.”

हा डबा रोज दिवेलागणीला यायचा आणि रोज जायचा. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देऊ नये, असं दोघीही मानायच्या. त्यामुळं तो कधी रिकामा आलाच नाही आणि कधी रिकामा गेलाच नाही.

“मावशी, मेहंदी?” कोंडाबाईचे तळवे बघून अंजूला हसू आलं. “कोणाचं लगीन?”

“माझ्या धम्मानंदाला पोरगी बघायलाव न्हवं. सुनंच्या आधी सासूनं रंगून घ्यावं म्हणलं.” कोंडाबाई हसली आणि पदरात हात गुंडाळून निघाली. टाचांवर भार देत, जपून पावलं टाकत. दिवसभर चुलीपुढं उभी राहून पाय भरून आले असतील, असं अंजूला वाटलं.

ती वडिलांकडं वळली. श्रीपतराव खाटेवर बसून होते. जगदेवीचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं.

“अप्पा, आईला काय दिलंत?”

त्यांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. त्यांच्या स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला सूज यायची, त्यासाठी डॉक्टरनं लिहून दिलेली गोळी.

अंजूनं नाव वाचलं. ही गोळी आईच्या औषधाचा जोर कमी करते, हे तिला ठाऊक होतं.

३

“ती रडायली हात आग करतेत म्हून,” श्रीपतराव सांगत होते. “मला सुजंवर गुण आला, तिला बी येईल वाटलं. दोनच दिल्या पोरी. दिवाळीत. मग तिनंच नको म्हणलं.” त्यांचा आवाज फाटला. “मी मारलं का गं तिला?”

अंजूनं पाकीट उलटसुलट केलं. दहातल्या आठ शिल्लक होत्या. पाकिटावरची तारीख जुनी, आणि नंतर त्यांनी दुसरं घेतलं नव्हतं. दोन गोळ्यांनी दोन दिवस बिघडतील. तीन महिने नाही.

“न्हाई अप्पा. तुमी न्हाई.”

ते ओंजळीत तोंड घालून बसले. आणखी कुणाला विचारायचं, हे अंजूला सुचेना. मंगळवारला सहा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कमलनगरला गेली. जीपथांब्यासमोर पंचाक्षरीचं मेडिकल. आईच्या गोळ्या तोच मागवून द्यायचा. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तरी अंजूनं सरळ विचारलं, “अण्णा, गोळ्या खोट्या असतील का?”

पंचाक्षरीनं गिऱ्हाइकांना वाटेला लावलं. मग चष्मा कपाळावर चढवला.

“एमेस्सी झालीस म्हून सीआयडी झालीस का गं? भर दुकानात इचारायलीस. उद्या गाव म्हणंल, पंचाक्षरी खडूच्या गोळ्या इकतो.”

“आईचे हात बरे झालेत अण्णा. बरे व्हायला नको होते.”

तो चिडायचा थांबला. जगात कुणी हात बरे झाले म्हणून रडकुंडीला आलेलं त्यानं पाहिलं नसावं. अंजूनं पिशवीतली रिकामी पाकिटं काऊंटरवर पसरली. पंचाक्षरीनं एकेक उचलून मागचा नंबर वाचला, वहीशी ताडला, आणि पाकिटांच्या दोन रांगा केल्या.

“हे बघ. दुसऱ्या फेरीपासून आजपर्यंत एकच लॉट. पुरं खोकं एकदाच उचललतं मी. दुसऱ्या फेरीत अक्काचे हात कसे होते?”

“सोललेले. रक्त यायचं.”

“मग? त्याच खोक्यातली गोळी तवा खरी आन आता खोटी कशी व्हईल?”

हे बरोबर होतं. गोळी खरी होती. पाकिटातून बाहेर पडत होती. आईच्या अंगात मात्र पुरती पोचत नव्हती. पाकीट आणि तोंड यांच्यामध्ये कुठंतरी ती नाहीशी होत होती.

पंचाक्षरी पाकिटं गोळा करता करता म्हणाला, “आन हात बरे झाले म्हणायलीस, मग मलम कशाला नेताव? परवाच ट्यूब गेली तुमच्या गावाला. हातापायाची. डॉक्टरनं लिहून दिल्ती तीच.”

“कोणी नेली?”

“मी न्हवतो. पोरगं होतं दुकानावर. कोणी बाई होती म्हणला. मला वाटलं तुझी वैनीच.”

घरी येऊन अंजूनं फळीवरची मलमाची ट्यूब काढली. झाकण चिकटून बसलं होतं. पिळून पाहिलं, तर आत वाळलेला पांढरा चुरा. तीन महिन्यांत कुणी ती उघडली नव्हती.

मग गावात आणखी कोणाचे हात सोलत होते?

४

शुक्रवारी रेशन होतं. तांदूळ आणि जोंधळा. अंजू आईचं कार्ड घेऊन रांगेत उभी राहिली. तिचाही अंगठा कार्डावर होताच.

दुकानदार श्रीशैल यंत्रापुढं बसून एकेकाला हाका मारत होता. पुढं कोंडाबाई होती. तिनं अंगठा पदराला पुसून काचेवर ठेवला. यंत्रानं लाल दिवा दाखवला. पुन्हा ठेवला. पुन्हा लाल.

“मावशी, दर म्हैन्याला हेच,” श्रीशैल म्हणाला. “राख घासून घासून अंगठाच घासून टाकलाव तुमी. भांडी घासताव का रेषा?”

रांग हसली. कोंडाबाईही हसली. “माझं नशीबच कोरं हाय बाबा. रेषा कुटून असतील?”

“दुसरं बोट बघा.”

तिनं दाही बोटं एकामागून एक काचेवर ठेवली. दाही नापास. शेवटी श्रीशैलनं तिच्या मुलाच्या, धम्मानंदाच्या, फोनवर नंबर पाठवून धान्य सोडलं. “पोरगा बिदरला वकिलाकडं काम शिकायलाय म्हून बरं हाय. न्हाईतर उपाशी ठिवलं असतं ह्या मशीननं.”

तांदळाची पिशवी घेताना कोंडाबाईनं दोन्ही हात पुढं केले. उन्हात मेहंदी फिकी दिसत होती, आणि मेहंदीच्या खाली, बोटांच्या पेरांवर, पातळ चमकदार लाली होती. एका ठिकाणी कातडीचा पापुद्रा सुटून उभा राहिला होता. कांद्याच्या पापुद्र्यासारखा.

अंजूचा नंबर आला. श्रीशैल दोनदा ओरडला. तिला ऐकूच आलं नाही.

टाचांवर चालणं. मेहंदी. मलमाची ट्यूब. संध्याकाळची रिकामी वाटी. आणि तो दोन कप्प्यांचा डबा, जो आई दुसऱ्या कुणाला भरू देत नव्हती.

चोर सापडला होता. अंजूला पळून जावंसं वाटलं.

५

दिवेलागणीला कोंडाबाई आली, तेव्हा अंजू दारातच बसली होती. रेशनहून परतताना कोंडाबाई ठेवून गेलेला डबा भरून ओट्यावर तयार होता. आत कमलबाई ताटावर होत्या. जगदेवीनं काढलेली वाटी त्यांच्या उजव्या हाताला, रिकामी.

“मावशी, हात दावा.”

कोंडाबाईचा चेहरा उतरला. अंजूनं तिचा हात उलटा केला, सुलटा केला आणि हलकेच सोडला. मग डब्याचं झाकण काढलं. वरच्या कप्प्यात कागदाची पुडी होती. पुडीत तीन गोळ्या.

“आई,” अंजू म्हणाली, “पाकिटं बरोबर, गोळ्या खऱ्या, अप्पांनी दिलेल्या फक्त दोन. तुझे हात बरे झाले तवापासून मावशीचे सोलायलेत. आजारी तू, आन मलम मावशी लावायली. कधीपासून हे?”

कमलबाईंनी घास खाली ठेवला. त्या घाबरल्या नाहीत. उलट कुणीतरी डोक्यावरचं ओझं उतरवावं तशा भिंतीला टेकल्या.

“तिसऱ्या फेरीपासून.”

“कामून?”

“कामून म्हणायलीस? मला रक्त पडायलं हे मी तुला सांगितलं? तुझ्या अप्पाला सांगितलं? कोंडाला सांगितलं फक्त. तिला माझ्याआधी पडायलतं. ती म्हणली, अक्का, मी लपवलं, तू लपवू नको. तिनं ओढत नेलं मला डॉक्टरकडं. ती नसती तर तुमाला मी सापडलेच नसते.”

कोंडाबाई उंबऱ्यातच खाली बसली. मग तिनं सगळं सांगितलं. तिचंही ऑपरेशन झालं होतं. गावात तिनं ‘पोटातली गाठ काढली’ एवढंच सांगितलं, धम्मानंदालाही तेवढंच. दूरच्या एका मोठ्या दवाखान्यात सरकारी योजनेतून तिला ह्याच गोळ्या मिळायच्या. दर फेरीला अंगठा लावायचा आणि गोळ्या घ्यायच्या. तीन फेऱ्या मिळाल्या. चौथ्या वेळी गोळ्यांनी रेषाच पुसून टाकल्या होत्या. यंत्रानं तिला ओळखलं नाही.

“खिडकीतला म्हणला, हात धुऊन ये. धुतले. लिंबू लावून ये म्हणला. लावलं. जळजळून जीव गेला. दुसऱ्या खेपेला म्हणला, नवा अंगठा नोंदवून आण.” तिनं आपल्या बोटांकडं पाहिलं. “नवा अंगठा कुटून आणू पोरी?”

औषधानं अंगठा पुसला, आणि अंगठा नाही म्हणून औषध थांबलं. असा सापळा अंजूनं कुठल्याच पुस्तकात वाचला नव्हता. आणि अर्ध्याच मात्रेवर मावशीचे हात का सोलत राहिले, तेही तिला कळलं: आईच्या हातांना घरात विसावा होता, मावशीचे रोज चुलीच्या धगीत आणि राखेत होते.

“धम्मानंदाला तरी सांगायचं मावशी.”

“आन गावाला कळलं म्हंजे? माझ्या हातचं लेकरांनी खावं का न्हाई, ह्यावर दोन वर्सं शाळंत पंचाईत झाल्ती. आमी बुद्धाची माणसं, आमच्या हातचं कशाला म्हून लोकांनी लेकरं घरी बोलावून घेतल्ती. ती पळी मी सोडली न्हाई. आता हा रोग कळला तर त्यांना आयतंच कारन मिळंल.” ती कमलबाईंकडं वळली. “पर अक्का, तू तर म्हणलीस डॉक्टरनं तुला जास्तीच्या दिल्यात. उरायलेत म्हणलीस.”

कमलबाईंनी रिकामी वाटी ताटामागं सरकवली.

“अक्का. तुझ्या तोंडातल्या व्हत्या का?”

“मग काय झालं? शाळंत धान संपलं त्या दिवशी एक भाकर आपुन दोघींत खाल्ली का न्हाई? अर्धी अर्धी. कोणी मेलं का?”

“भाकरीचं गणित औषधाला लागत न्हाई आई,” अंजू म्हणाली. आत्ता, हे बोलताना, तिला हैदराबादची ती काचेची बशी दिसली. मरणार नाहीत इतकंच औषध. रोज. थोडं थोडं. सहा महिने ती जे मन लावून करत होती, तेच तीन महिने आईच्या पोटात चाललं होतं.

मागून श्रीपतराव बोलले. ते कधी येऊन उभे राहिले, कुणाला कळलं नव्हतं.

“अर्ध्या मात्रेनं अळी मरत न्हाई कमल. शानी होती.”

तव्यावरची भाकर करपल्याचा वास आधी आला आणि जगदेवी नंतर धावली.

कोंडाबाईनं पुडीतल्या तीन गोळ्या कमलबाईंच्या वाटीत ठेवल्या. त्यांचा हात धरून त्या त्यांच्या तोंडात घातल्या, स्वतः पाण्याचा तांब्या लावला. कमलबाई गिळत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग कोंडाबाई उठली आणि टाचांवर चालत निघून गेली.

डबा ओट्यावरच राहिला.

६

मंगळवारी डॉ. रविकुमारांनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढून बराच वेळ डोळे चोळले.

“म्हणजे औषध हरलं की नाही, हे आपल्याला अजून ठाऊकच नाही,” ते म्हणाले.

“दोन फेऱ्या पुऱ्या मात्रेत देऊ द्या सर. मी समोर बसून गिळायला लावते.”

“तीन महिने अर्ध्या मात्रेवर काढलेत त्यांनी. काही पेशी खरंच सरावल्या असतील. आशा लावून घेऊ नका.”

“लावत न्हाई,” अंजू खोटं बोलली. “आणि एक पत्र पाहिजे सर. ह्या गोळ्यांनी बोटांच्या रेषा जातात, असं.”

ते पत्र घेऊन धम्मानंदानं योजनेच्या त्या मोठ्या दवाखान्यात तीन आठवडे खेटे घातले. आईचा आजार त्याला अंजूनंच सांगितला होता. पहिल्या दिवशी तो तिच्यावरच खवळला, “तुमच्या घरच्या उपकाराच्या गोळ्या खाऊ घातल्या माझ्या मायला!” दुसऱ्या दिवशी येऊन ओट्यावर मुकाट बसून राहिला. डोळा बघून ओळखणारं यंत्र त्या खिडकीमागच्या कपाटात पहिल्यापासून होतं. कुणी काढलंच नव्हतं. वकिलाचं पत्र गेल्यावर ते निघालं, आणि कोंडाबाईला तिच्या स्वतःच्या गोळ्या मिळाल्या.

गावाला कळायचं ते कळलं. शाळेत कुजबुज झाली. कोंडाबाईनं पळी सोडली नाही. उचलवत होती तोवर तिनंच वाढलं.

कमलबाईंचे कागद आले. पहिल्या फेरीनंतर अठ्ठावन्न. अंजू दोन दिवस जेवली नाही. दुसरीनंतर एक्केचाळीस.

“सगळ्या पेशी शहाण्या झाल्या नव्हत्या,” डॉक्टर म्हणाले. “पण ज्या झाल्या, त्या आहेत. काही महिने हातात आलेत. तेवढंच समजा.”

कोंडाबाईचे आकडे वेगळे आले. खंड पडलेले महिने, अर्ध्या मात्रेचे महिने, आणि मग पुरी मात्रा. कशालाच उतार नाही. सलाईनचं औषध एकदा दिलं, ते तिला झेपलं नाही. तिथल्या डॉक्टरांनी सगळं थांबवलं.

त्यानंतरच्या दुसऱ्या रेशनला दोघी बरोबर आल्या. श्रीशैलनं दोघींना रांगेबाहेर काढून खुर्च्या दिल्या. अंजू पिशव्या धरून उभी होती.

कमलबाईंनी अंगठा ठेवला. लाल. पुन्हा ठेवला. लाल. तळव्याची कातडी सुटली होती, बोटं लाल झाली होती. तिसऱ्यांदाही लाल.

“कोराच की अक्का,” श्रीशैल हळहळला. “मागं बरा झालता न्हवं?”

“कोराच बरा,” अंजू म्हणाली. तिनं स्वतःचा अंगठा ठेवून आईचं धान्य सोडवलं.

मग कोंडाबाईनं अंगठा ठेवला.

यंत्रानं हिरवा दिवा दाखवला. एका झटक्यात. आत चिठ्ठी छापायचा करकर आवाज झाला.

“वा मावशी!” श्रीशैल हरखला. “किती म्हैन्यांनी! बघा, बरे झाले हात. एकदम नवा अंगठा!”

कोंडाबाईनं अंगठा डोळ्यांजवळ नेला. रेषा परत आल्या होत्या. बारीक, एकात एक गुंतलेल्या, लहान लेकराच्या असतात तशा. तिनं त्या शांतपणे पाहिल्या.

“सापडला म्हणायचा,” ती म्हणाली. “कपाटातच व्हता.”

कमलबाईंनी मांडीवरचा डबा पुढं केला. तोच, दोन कप्प्यांचा. ओट्यावर राहून गेलेला. इतके दिवस त्यांनी तो घासून फळीवर ठेवला होता, परत दिला नव्हता. आज भरून आणला होता.

कोंडाबाईनं तिथंच झाकण काढलं. वरच्या कप्प्यात बोट फिरवलं, खालच्यात डोकावलं.

“काय बगायलीस?” कमलबाईंनी विचारलं.

“काही लपवून ठिवलीस का म्हून बगायले. तुझा नेम न्हाई.”

“ठिवलं असतं. ही पोरगी झडती घेती.”

कोंडाबाई हसली. मग कमलबाई हसल्या. हसता हसता कमलबाईंनी तिचा हात घट्ट धरला आणि लगेच कळवळून सोडला, इतकी आग होत होती. कोंडाबाईनं आपल्या बऱ्या झालेल्या हातानं तिचं मनगट धरलं, जिथं दुखत नव्हतं तिथं.

अंजूनं दोघींच्या पिशव्या उचलल्या आणि त्यांच्या मागून चालायला लागली. डबा कोंडाबाईच्या कडेला होता आणि त्यातलं ताक पावलागणिक हिंदकळत होतं.